हशाची पेटी

“आज कितक्या माणसांक हसवलंस गो, बाय?”

आधी हा आवाज आत यायचा, मग दार उघडायचं, मग खांद्यावरचा बर्फ झटकत अण्णा. छत्तीस वर्षं झाली. त्या आवाजाला वेंगुर्ल्याची खारी हवा होती, आणि बाहेर टोरांटोचा उणे अठरा अंशांचा जानेवारी.

“दोनशे,” मी म्हणायचे. “आणि एकालाही विनोद कळला नाही.”

“मग तुझीच कमाल.” एवढं बोलून अण्णा माझ्या खोलीतल्या मोडक्या खुर्चीवर बसायचे आणि माझ्या डब्यातली पोळी न विचारता उचलायचे.

माझं काम सांगितलं की लोकांना आजही खोटं वाटतं. मी हसू लावायचे. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेचं चित्रण प्रेक्षक बसवून व्हायचं. पण प्रेक्षक कुणी जेवून आलेला, कुणाला जांभई आलेली, कुणी भलत्याच जागी हसणारा. मग चित्रण झाल्यावर ते हसू दुरुस्त करावं लागे. त्यासाठी एक यंत्र होतं, भजनातल्या पेटीएवढं. एका पट्टीत बायकांची खुसखुस, एकीत पुरुषांचं गडगडणं, एकीत दाबून धरलेलं आणि मग फुटलेलं. पायाखालच्या पट्टीनं ते लांबवायचं, नाहीतर विरवत न्यायचं. सांगलीच्या पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली इंदुमती मिरजकर सत्ताविसाव्या वर्षी कॅनडात बसून परक्यांचं हसू वाजवत होती. अण्णा त्या यंत्राला ‘तुझी पेटी’ म्हणायचे.

अण्णा म्हणजे श्रीपाद वालावलकर. ‘मेपल मोटेल’ नावाच्या मालिकेत तेव्हा सहा वर्षांपासून मोटेलचे कारकून. मालिकेतलं नाव मिस्टर पटेल-सिंग. असं आडनाव कुठेच नसतं, हे अण्णांनी पहिल्याच वर्षी लेखकांना सांगितलं होतं. लेखकांना तेही मजेशीर वाटलं. मिस्टर पटेल-सिंगनं प्रत्येक भागात दोनतीनदा मान डोलवायची आणि म्हणायचं, “नो प्रॉब्लेम, मॅडम.” नळ फुटला, नो प्रॉब्लेम. खोलीत अस्वल शिरलं, नो प्रॉब्लेम. रस्त्यात, बँकेत, दाताच्या डॉक्टरकडे लोक त्यांना थांबवून ते वाक्य म्हणायला लावत. अण्णा म्हणत. मान डोलवून म्हणत.

पण माझ्या खोलीत आले की ते वेगळे असत. खुशीत असले की मालवणी, एरवी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ मराठी. त्यांचे वडील दशावतारात राजा होत. जत्रेच्या सकाळी तोंडावरचा रंग तसाच ठेवून शेताच्या बांधावरून घरी येत, आणि आई चुलीपाशी म्हणे, “राजा इलो, पाणी तापवा.”

“बाबांना अख्खा गाव राजा म्हणून ओळखायचा,” अण्णा म्हणाले होते. “मला अख्खा देश ओळखतो. कशासाठी, ते तू जाणतेस.”

त्यांनी लग्न केलं नव्हतं. आई वेंगुर्ल्यात होती. ती त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गेली. फोन स्टुडिओच्या ऑफिसात आला, प्रेक्षक आत सोडायला अर्धा तास उरला असताना. अण्णांनी फोन ठेवला, कोट चढवला आणि तो भाग करून टाकला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर निर्माता डग यानं विचारलं, खात का नाहीस? तेव्हा अण्णांनी त्याला सांगितलं. डगनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचेही डोळे भरले होते, असं अण्णा मला नंतर म्हणाले.

नोव्हेंबरात अण्णा नव्या भागाची पानं घेऊन माझ्याकडे आले. पोळीला हात लावला नाही.

“वाच.”

मी वाचलं. मिस्टर पटेल-सिंगला भारतातून फोन येतो. आई गेल्याचं कळतं. तो फोन ठेवतो. तेवढ्यात केसांना रोलर लावलेली एक बाई येते आणि म्हणते, आणखी दोन टॉवेल मिळतील का? तो म्हणतो, “नो प्रॉब्लेम, मॅडम.” त्याखाली कंसात लिहिलं होतं: मोठा हशा.

“अण्णा, हे तर तुमचंच…”

“माझंच. जेवणाच्या टेबलावरून उचललं.”

“तुम्ही नाही म्हणा. सरळ सांगा, हे करणार नाही.”

अण्णांनी पानं माझ्या हातातून काढून घेतली, गुडघ्यावर ठेवून सरळ केली.

“सहा वर्षांत पहिल्यांदा यांनी माझ्यासाठी काहीतरी लिहिलंय, इंदू. त्यांना कळलेलं नाही काय लिहिलंय ते. त्यांना विनोद वाटतोय.” मग हळूच म्हणाले, “मी करतलंय. पण विनोद करूचंय नाय.”

शुक्रवारी संध्याकाळी चित्रण झालं. मी वरच्या काचेच्या खोलीत, कानांवर हेडफोन, प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेले माइक माझ्या बोटांखाली. फोन वाजला. अण्णांनी उचलला. “हां,” म्हणाले. “कधी?” म्हणाले. पटकथेत तो ‘कधी’ नव्हता, आणि तो मराठीत होता. ठेवताना फोन दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जागेवर बसला. रोलरवाली बाई आली, टॉवेल म्हणाली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मान डोलवली नाही. अगदी खालच्या आवाजात, एखादी जड घागर उतरवून ठेवावी तसं त्यांनी ते वाक्य ठेवलं.

“नो प्रॉब्लेम, मॅडम.”

आणि कुणी हसलं नाही.

दोनशे माणसं. कुणाच्या तरी जॅकेटची बाही खुर्चीला घासली, एवढंच. समोरची नटीसुद्धा पुढचं बोलायचं विसरली. दिग्दर्शकानं चित्रण थांबवायला उचललेला हात तसाच वर राहिला. मी या धंद्यात तेव्हा चार वर्षं होते, पण माणसांची अशी शांतता त्या माइकमधून कधी आली नव्हती. तिच्यात श्वास होते.

चित्रणानंतर अण्णा माझ्या खोलीत आले. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

“ऐकलंस?”

“ऐकलं.”

“गप्प बसली गो माणसां.” ते हसत होते आणि डोळे पुसत होते. “बाबांचा राजा मरायचा ना, तेव्हा देवळाबाहेर अशीच बसायची. शेंगा खायची थांबायची.”

त्यांनी एवढा आनंद दाखवलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यानंतरही नाही.

सोमवारी डग माझ्याकडे आला. पडद्यावर तो प्रसंग दोनदा पाहिला, हनुवटी खाजवली.

“इथे हशा लाव,” म्हणाला.

“पण डग, लोक हसले नव्हते.”

“तेच तर. घरी बसलेल्या माणसाला वाटेल टीव्ही बिघडला. ही विनोदी मालिका आहे, इंडू. बघणाऱ्याला धीर द्यावा लागतो, की हसायला हरकत नाही.” मग दारातून वळून म्हणाला, “तुझ्या कागदांचं माझ्या लक्षात आहे बरं का. ते पत्र या महिन्यात नक्की करू.”

कॅनडात कायम राहण्याचा माझा अर्ज कंपनीच्या एका पत्रावर अडकला होता. आठ महिने ते पत्र ‘या महिन्यात’ होत होतं.

मी हशा लावला. लावायचा म्हणून कसातरी लावला असता तरी चाललं असतं. पण हात कामाला लागले की हात ऐकत नाहीत. आधी एका बाईची खुसखुस ठेवली, जशी कुणाला नको तिथे हसू फुटावं. तिच्यामागून दोघीतिघी. मग सगळं सभागृह. आणि विरत आलेल्या हशावर शेवटी एक मोठ्या पोटाचा पुरुष, एकटाच, उशिरा समजल्यासारखा. डगनं ऐकलं आणि टाळी वाजवली. “असं दुसरं कुणी करूच शकत नाही,” म्हणाला. ध्वनिविभागातल्या सगळ्यांना बोलावून त्यानं तो तुकडा ऐकवला. मला बरं वाटलं. हेही सांगितलंच पाहिजे, की मला बरं वाटलं.

भाग जानेवारीच्या आठ तारखेला लागला. दुसऱ्या दिवशी अण्णा आले. मी डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

“तो शेवटचा जाड्या कोण होता?” त्यांनी विचारलं.

“पट्टी क्रमांक नऊ.”

“सफाईदार लावलंस,” ते म्हणाले, आणि पोळीचा तुकडा मोडून बराच वेळ हातात धरून बसले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, ते पळत आले. जिने चढून धाप लागली होती. कोटाची बटणं उलटसुलट.

“इंदू, काम आलंय. काम!”

नदीकाठच्या एका गावात उन्हाळी नाट्यमहोत्सव भरायचा. तिथली एक दिग्दर्शिका नवं नाटक बसवत होती. देशोदेशी हिंडून थकलेल्या एका बापाचं नाटक. तीन अंक, आणि बाप शेवटपर्यंत रंगमंचावर. तिला साहेबी चेहरा नको होता. कुणीतरी अण्णांचं नाव सुचवलं. तिनं फोन केला.

“ती म्हणाली, तुम्ही ते मोटेलवाले ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, रागावू नका, पण मला तुमचं असं काहीतरी पाठवा ज्यात कुणी हसत नाही. शुक्रवारपर्यंत.” अण्णा खुर्चीवर न बसता उभेच होते. “सहा वर्षं, इंदू. सव्वाशेच्या वर भाग. सगळे डोळ्यांसमोर आणून पाहिले मी. असं एक मिनिट नाही. एकच आहे.”

मला कळलं होतं ते कशासाठी आलेत.

“त्या प्रसंगाची मूळ टेप. हसू लावायच्या आधीची. तुझ्याकडे असते ना? कॅसेटवर उतरवून दे. मी कुणाला सांगणार नाही कुठून आली. डगला कळायचं कारणच नाही.”

मूळ टेपा माझ्याच खोलीत असत, अण्णांच्या पाठीमागच्या कपाटात. दोन इंच रुंद, जड चकत्या. भाग लागून गेल्यावर महिनाभर ठेवायच्या, मग पुसून पुन्हा वापरायच्या, असा नियम. कच्चं चित्रण बाहेर गेलं तर नोकरी गेली, असाही नियम होता. एका मुलाला त्यासाठी दुपारच्या दुपारी घरी पाठवलेलं मी पाहिलं होतं.

“पुसली, अण्णा,” मी म्हणाले.

“पुसली?”

“हो.”

“पण महिना कुठे झालाय? आठ तारखेला लागला. अजून चार दिवस आहेत.” त्यांनी बोटांवर मोजलं. “चार आहेत गो.”

“या वेळी लवकर पुसल्या. टेपा कमी पडत होत्या.”

ते मागे वळून कपाटाकडे पाहतील, असं मला वाटलं. पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत राहिले. मग हळूहळू खुर्चीवर बसले आणि कोटाची चुकलेली बटणं एकेक करून नीट लावू लागले.

“टेपा महाग असतात,” ते म्हणाले. “त्यांचंही बरोबर आहे.”

मी खाली मान घालून पेटीच्या पट्ट्या पुसू लागले.

“तू कित्या तोंड पाडतंस? तू थोडीच पुसलीस? वरून हुकूम आला असेल.” माझ्या डोक्यावर हात ठेवून ते उठले. “बघू. लागलेल्या भागाची कॅसेट आहे माझ्याकडे. तीच पाठवतो. सोबत चिठ्ठी लिहितो, की बाई, हसू नंतर लावलंय, ते नाही असं समजून बघा. कलेतली बाई आहे, तिला कळेल.”

जिना उतरताना त्यांची पावलं मी मोजत होते. बावीस पायऱ्या होत्या. मधे एकदा थांबले.

कॅसेट गेली, चिठ्ठी गेली. दहा दिवसांनी उत्तर आलं. छान जाड कागद होता. अण्णांनी तो मला वाचायला दिला. ‘आपलं विनोदाचं अंग विलक्षण आहे. आमच्या नाटकाला मात्र वेगळ्या प्रकारच्या नटाची गरज आहे.’ त्या आठवड्यात माझं पत्रही झालं. डगनं सही करताना पेनाचं टोपण दातात धरलं होतं.

पुढच्या वर्षी ‘मेपल मोटेल’ बंद पडलं. अण्णा निवडचाचण्यांना जात राहिले. संवाद म्हणून झाले की समोरचे लोक एकमेकांकडे पाहत आणि म्हणत, जाता जाता ते वाक्य म्हणाल? काही वर्षं दुकानांच्या उद्घाटनांना बोलावणी आली, मग तीही थांबली. पंचावन्नाव्या वर्षी ते विमानतळाजवळच्या एका खऱ्याखुऱ्या मोटेलात काउंटरवर उभे राहू लागले. मालकानं त्यांना ओळखूनच कामावर घेतलं होतं. गिऱ्हाईकं मुद्दाम जास्तीचे टॉवेल मागत. मी एकदा भेटायला गेले, तर एक कुटुंब कॅमेरा रोखून उभं होतं आणि अण्णा मान डोलवत होते. मी गाडीतून उतरले नाही.

मी मात्र चढत गेले. ध्वनिविभागाची प्रमुख झाले. पेटी जाऊन संगणक आला. निवृत्तीच्या दिवशी माझ्या सन्मानार्थ जुने तुकडे दाखवले, त्यात तो प्रसंगही होता. सभागृह हसलं. पट्टी क्रमांक नऊ अजूनही वेळेवर आली.

गेल्या ऑक्टोबरात अण्णांचा निरोप आला. स्कारबरोच्या एका वृद्धाश्रमात होते. ऐंशी वर्षांचे. मी पोळ्या करून नेल्या. खिडकीपाशी, पांघरुणात, अगदी एवढेसे झाले होते. आवाज मात्र आत कुठेतरी शिल्लक होता. फक्त तो यायला वेळ लागे.

“इंदू इली,” नर्सला म्हणाले. नर्सला काय कळणार? ती हसून म्हणाली, “नो प्रॉब्लेम, मॅडम,” आणि खुर्ची ओढून देऊन गेली.

“या नर्सनंच शोधून काढलं,” अण्णा म्हणाले. “सगळे भाग इंटरनेटवर आहेत. रोज दुपारी हॉलमध्ये लावतात. सगळे म्हातारे हसतात. मलाही नेऊन बसवतात.”

“पोळी खाता?”

“दात नाहीत. ठेव, वास येऊदे.”

बाहेर मेपलची पानं झडत होती. अण्णा बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत होते.

“एक विचारायचं होतं. म्हणून बोलावलं. तू खरं सांगशील, म्हणून तुलाच बोलावलं.”

“विचारा ना.”

“तो फोनचा प्रसंग. परवा लावला होता. मी नीट पाहिला.” श्वास घेतला. “मला वाटत आलंय, की त्या संध्याकाळी माणसं गप्प बसली होती. त्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली. मोटेलात उभा राहायचो तेव्हा मनात म्हणायचो, एकदा गप्प बसवलीयत मी दोनशे माणसं. पण आता आठवायला गेलो, तर मला हसूच ऐकू येतं. आधी ती बाई हसते. मग सगळे. मग तो जाड्या.” त्यांचा हात पांघरुणातून बाहेर येऊन माझ्या मनगटावर पडला. कागदाएवढा हलका. “डग गेला. दिग्दर्शक गेला. ती रोलरवालीपण गेली. तिथलो कोण उरलो नाय, इंदू. तूच. सांग माका. गप्प बसलेली ना? का मीच मनात केलंय सगळां?”

हो म्हणून उठून येता आलं असतं. हो, अण्णा, गप्प बसली होती. त्यांनी डोळे मिटले असते. पण ते माझ्याकडे पाहत होते, आणि मला माहीत होतं, की पुढचा शब्द ‘कशावरून?’ असणार. नुसते ‘हो’ त्यांना रोजच मिळत होते. नर्सही देत होती.

“गप्प बसली होती,” मी म्हणाले. “चौदा सेकंद.”

“चौदा?”

“चौदा. तिसऱ्या सेकंदाला एक खुर्ची वाजली. नवव्याला पुढच्या रांगेतल्या कुणीतरी नाक ओढलं. रडताना ओढतात तसं. मग पुन्हा काही नाही.”

“इतकं कसं गो आठवतं तुला?”

“त्या संध्याकाळचं नाही आठवत. टेपवरचं आठवतं.” माझ्या मनगटावरचा त्यांचा हात मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला, तो काढून घेतील अशी मला भीती वाटत होती. “तुम्ही मागायला आलात तेव्हा ती तुमच्या पाठीमागच्या कपाटात होती, अण्णा. वरून दुसऱ्या खणात. माझी नोकरी गेली असती, कागद गेले असते, म्हणून नाही म्हणाले, असं मी स्वतःला सांगत आले. तेही होतं. पण ती शांतता कुणी ऐकली असती, तर मी तिच्यावर काय केलं तेही ऐकू आलं असतं. तुम्ही जिना उतरलात. मी दाराला कडी लावली, टेप काढली आणि चार वेळा ऐकली. मग मीच पुसली.”